‘झोपू दे त्याला’ म्हणण्याआधी

पार्टीत कुणी आडवं झालं की खोलीतला एक जण हमखास म्हणतो, “झोपू दे त्याला, सकाळी होईल ठीक.” हॉस्टेलवर आम्हीही एकाच्या डोक्याखाली उशी सरकवली, पांघरूण घातलं आणि त्याच्या घोरण्यावर हसत बसलो. शेजारच्या खोलीतला वैद्यकीयचा मुलगा ‘गोंगाट बंद करा’ म्हणून भांडायला आला आणि त्या घोरण्यापाशीच थबकला.

नशा करू नका हे सांगणारे पुष्कळ आहेत. इथे प्रश्न, केलीच असेल तर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं.

आधी जागं करून बघा. नाव घेऊन मोठ्याने हाक मारा, खांदे हलवा. तरी काही नाही, तर मूठ वळून पेरांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात चोळा. दुखतं, दुखायलाच हवं. त्यालाही हूं की चूं नाही, म्हणजे ही झोप नव्हे.

मग कान त्याच्या नाकाशी, नजर छातीवर, आणि दहा सेकंद श्वास बघा. दोन श्वासांत पाच सेकंदांहून जास्त अंतर, ओठ-नखं निळी किंवा राखाडी, घशातून गुळगुळ असा ओला आवाज, यातलं एकही पुरे आहे. आम्ही ज्याला घोरणं समजलो ते तेच होतं: जीभ सैल पडून श्वासाची वाट अडत होती. दारूवर झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनचं कफ सिरप घेतलेलं असेल तर विशेष धोका. हे सगळे श्वास मंदावतात, आणि एकत्र आले की एक अधिक एक दोनावर थांबत नाही.

लगेच १०८ लावा. महाराष्ट्रात आणि गोव्यात चालतो, इतरत्र ११२. स्पीकरवर ठेवा आणि एवढंच सांगा: “शुद्ध नाही, श्वास नीट नाही,” आणि पत्ता. इथे बहुतेकांचे हात थरथरतात ते पोलिसांच्या भीतीने. रुग्णालय अशा केसची पोलिसांकडे नोंद करू शकतं, हे खरं. पण आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलंय. डॉक्टरला काय घेतलं, किती, किती वाजता, हे खरं सांगा. गोळ्यांची रिकामी स्ट्रिप खिशात टाका. हेरॉइन, कोडीनसारख्या अफूच्या जातीच्या नशेवर नॅलोक्सोनचं इंजेक्शन असतं, पण त्याचा असर तास-दीड तासातही ओसरू शकतो. डोळे उघडले म्हणून उठवून घरी नेऊ नका.

श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. त्याच्या डाव्या बाजूला गुडघे टेकून बसा. त्याचा डावा हात काटकोनात पसरा, उजव्या हाताची पाठ डाव्या गालाखाली घ्या, उजवा गुडघा वर मोडा आणि तोच गुडघा धरून स्वतःकडे ओढा. हनुवटी किंचित वर, तोंड जमिनीकडे. उलटी झाली तर बाहेर पडेल. श्वास थांबलाच असेल तर उताणा ठेवून छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. येत असेल तर ३० दाबांनंतर दोनदा तोंडाने श्वास द्या.

लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड शॉवर, घशात बोटं घालणं, यातलं काहीही नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं ताक फुफ्फुसात जातं.

एक्स्टसी, म्हणजे पार्टीतली नशेची गोळी, घेऊन तासन्‌तास नाचणाऱ्याचं वेगळं. तो जागा असतो, पण अंग तापलेलं, बोलणं भरकटलेलं. तेव्हाही १०८ लावाच. गर्दीतून बाहेर काढा, कपडे सैल करा, ओलं फडकं आणि पंखा. पाणी घोटघोट, बाटल्यावर बाटल्या रिचवल्या तर रक्तातलं सोडियम घसरून झटके येतात.

गाडी येईपर्यंत एकाने त्याचा श्वास मोजत बसायचं. दुसऱ्याने मोबाइलचा टॉर्च लावून गेटवर उभं राहायचं, आणि वॉचमनला लिफ्ट खाली धरून ठेवायला सांगायचं.