दुबईच्या बॅगेत खसखस नको

लेकीकडे दुबईला जायचं ठरलं की आपल्याकडे आधी फराळाचा डबा भरला जातो. भरा, पण खसखस वगळून. संयुक्त अरब अमिरातीत, आणि सिंगापूरमध्येही, खसखस नेण्यावर बंदी आहे. ती अफूच्याच बोंडातली, तिच्यात मॉर्फिनचे अंश असू शकतात. प्रकरण थेट पोलिसांपर्यंत जाऊ शकतं.

पुडी आपण आठवणीनं बाजूला काढतो, घोळ होतो तो लपलेल्या खसखशीचा. अनारशाला चिकटलेली, करंजीच्या सारणातली, डिंकाच्या लाडवातली, रस्स्यासाठी वाटून ठेवलेल्या सावजी मसाल्यातली. तो मसाला तर घरीच राहू द्या. आम्ही दोघं निघालो तेव्हा हिनं अनारसे पांढऱ्या तिळावर थापले. छान जाळी पडली, नातवंडांना फरकही कळला नाही. शेजारच्या काकूंनी “माह्या पोरालेही देजा” म्हणून दिलेला डबा मात्र त्यांच्यासमोरच उघडून, काय काय घातलं ते विचारून घ्या. यात भीड नको.

ठेचा, लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नका, 100 मिलीच्या वर असलं की अडवतात. ते घट्ट झाकणाच्या बरणीत, मोठ्या बॅगेत.