कारखान्यात सुरक्षेसाठी कॅमेरे लावताय? मग या चुका टाळा

चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यातल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या कारखान्यात जा आणि कॅमेरे कुठे कुठे आहेत ते मोजा. गेटवर दोन, स्टोअरच्या दारात एक, भंगार यार्डाकडे तोंड करून दोन, कॅन्टीनमध्ये एक. प्रेस शॉपला (पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागाला) एकच, तोही छताजवळ कोपऱ्यात. कशासाठी लावलेत असं विचारलं की उत्तर येतं, "सेफ्टीसाठी." खरं तर हे कॅमेरे चोरीवर नजर ठेवायला लावलेले असतात आणि ते काम ते नीट करतात. डायखाली, म्हणजे प्रेसच्या साच्याखाली, बोट जातं तेव्हा मात्र तिकडे पाहणारा त्यातला एकही नसतो.

सुरक्षेच्या कामात मी बरीच वर्षं आहे. कॅमेऱ्याने धोका लवकर कळतो यावर माझा पक्का विश्वास आहे. म्हणूनच तो चुकीच्या पद्धतीने लावलेला पाहिला की वाईट वाटतं, कारण पैसे गेलेले असतात, मालक निर्धास्त झालेला असतो आणि धोका होता तिथेच असतो.

कॅमेरा लावला म्हणून यंत्राचं गार्ड काढू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. "आता एआय कॅमेरा आहे, हात आत गेला की सायरन वाजतो," असं सांगून प्रेसवरचं जाळीचं गार्ड बाजूला ठेवलेलं मी पाहिलं आहे.

हिशोब साधा आहे. यंत्रापासून सुरक्षित अंतर ठरवताना, जवळच्या अंतरासाठी हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. कॅमेऱ्याने चित्र घेतलं, ते केबलमधून गेलं, सॉफ्टवेअरने तपासलं, मग सायरन वाजला. या सगळ्याला अर्धा सेकंद लागला असं धरा. तेवढ्यात हात एक मीटर आत गेलेला असतो. लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की ओळखणारा प्रकाशकिरणांचा पडदा, हेच काम सेकंदाच्या काही शंभरांश भागात करतं आणि थेट यंत्र थांबवतं.

त्यातही एक मेख आहे. जुन्या पिन क्लच किंवा रोलिंग की क्लचच्या प्रेसला एकदा स्ट्रोक (एक वर-खाली फेरी) मिळाला की तो पूर्ण होईपर्यंत प्रेस थांबतच नाही. अशा प्रेसवर कॅमेरा उपयोगाचा नाही आणि लाइट कर्टनही नाही. तिथे बोट आत जाऊच शकणार नाही असं पक्कं गार्ड लागतं, आणि जॉब (घडवलेला तुकडा) उचलायला चिमटा किंवा मॅग्नेट. यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घाला, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं, तेव्हा आपल्या कारखान्यांत असे कॅमेरे नव्हते. कॅमेरे आले म्हणून त्या कुंपणाची गरज संपलेली नाही.

मग कॅमेऱ्याचा उपयोग काय? गार्ड का काढलं जातं, कुणाला त्याची अडचण होते, कोणत्या जॉबला होते, हे तो दाखवतो. एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.

माणूस पकडू नका, काम बघा

एका कारखान्यात दुसऱ्या शिफ्टचं फुटेज चाळताना दिसलं, की ऑपरेटरने टू-हँड बटणातल्या (दोन्ही हात गुंतून राहावेत म्हणून दिलेल्या दोन बटणांतल्या) डाव्या बटणात पत्र्याची पट्टी खोचून ठेवली आहे. त्यामुळे ते बटण कायम दाबलेलं. उजव्या हाताने स्ट्रोक देतो आणि डावा हात मोकळा, डायच्या तोंडाशी. दहा सेकंदांची क्लिप कापून एचआरकडे गेली, मेमो निघाला, दोन दिवस घरी बसवलं.

पुढच्या आठवड्यात पट्टी दिसेनाशी झाली. सगळे खूश. मी जाऊन पाहिलं, तर ऑपरेटर आता कॅमेऱ्याकडे पाठ येईल असा उभा राहत होता. पट्टी होती तिथेच होती, फक्त पाठीआड गेली होती.

मग तीच जुनी क्लिप पुन्हा काढली. या वेळी दहा सेकंद नाही, वीस मिनिटं सलग पाहिली. दर चार-पाच स्ट्रोकनंतर जॉब डायला चिकटून राहत होता. इजेक्टरची (जॉब बाहेर ढकलणाऱ्या भागाची) स्प्रिंग दमली होती. चिकटलेला जॉब ऑपरेटर डाव्या हाताने टचकन उडवायचा. दोन्ही हात बटणावर ठेवले की दर वेळी लय तुटायची, आणि तासाचा आकडा तर तेवढाच द्यायचा होता. टूलरूमने स्प्रिंग बदलली. इलेक्ट्रिशियनने सर्किट असं केलं, की दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली आणि स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली, तरच पुढचा स्ट्रोक मिळेल. पट्टी खोचण्याचं कारण संपलं आणि खोचून फायदाही उरला नाही.

हे मी लांबण लावून सांगतो आहे, कारण व्हिडिओवर होणारा निम्मा खर्च इथेच वाया जातो. क्लिप शिक्षेसाठी वापरली की पुढची क्लिप मिळत नाही. निअर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) सांगणारे गप्प होतात. कॅमेऱ्यावर धूळ "आपोआप" बसते, तोंड हळूच छताकडे वळतं. एके ठिकाणी तर ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या कार्यक्रमात, मोठ्या पडद्यावर कामगारांच्या चुका चेहऱ्यांसकट दाखवल्या. समोर खुर्च्यांवर त्याच लोकांच्या लाइनवरची माणसं बसली होती. असं कधीही करू नका. क्लिप टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या छोट्या सुरक्षा बैठकीत) जरूर दाखवा, पण चेहरा झाकून, आणि प्रश्न असा विचारा, "हे काम असं का करावं लागतंय?"

फोर्कलिफ्टच्या रस्त्याचंही तेच. माणसं गँगवे (चालण्यासाठी आखलेला पट्टा) सोडून मधूनच जातात म्हणून आरडाओरडा करण्याआधी ती कुठे चालली आहेत ते फुटेजमध्ये पाहा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा उत्तर एकच निघतं, पिण्याच्या पाण्याचा कूलर रस्त्याच्या पलीकडे असतो. तो अलीकडे आणला की पिवळे पट्टे पुन्हा रंगवायची वेळच येत नाही.

एकाच कॅमेऱ्यात अख्खं शेड

विक्रेता म्हणतो, "साहेब, वाइड लेन्स देतो, एकातच सगळं येईल." सगळं येतं खरं, पण दिसत काहीच नाही.

दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. त्यात २० मीटर रुंदीचं शेड बसवलं तर एका मीटरला ९६ पिक्सेल येतात, म्हणजे एक पिक्सेल साधारण एका सेंटिमीटरचा. माणसाचं बोट त्यात जेमतेम दोन ठिपक्यांएवढं. तोच कॅमेरा फक्त प्रेसच्या तोंडावर, ३ मीटर रुंदीवर लावला तर मीटरला ६४० पिक्सेल मिळतात आणि बोट, चिमटा, बटण सगळं वेगवेगळं ओळखू येतं. आयईसी ६२६७६-४ या कॅमेऱ्यांच्या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत कोणी तरी आहे एवढंच कळायला मीटरला २५ पिक्सेल आणि अनोळखी माणूस खात्रीने ओळखायला २५० पिक्सेल असे टप्पे दिले होते. कोटेशन मागताना मेगापिक्सेल विचारू नका. अमुक जागी मीटरला किती पिक्सेल मिळतील ते विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

चित्र खराब येतंय? आधी हे तपासा

चित्रात आडवे काळे पट्टे सरकत असतील, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्‌झ निवडलेलं आहे का ते बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. एवढं एक सेटिंग बदललं की बहुतेक वेळा पट्टे जातात.

रात्री चित्र धुरकट, पांढरं आणि मधूनच काही तरी हलल्यासारखं दिसतंय? शिडी लावून वर चढा. इन्फ्रारेड दिव्याकडे किडे येतात आणि किड्यांमागे कोळी. लेन्ससमोर जाळं असतं आणि त्याचा प्रत्येक धागा रात्री उजळून निघतो. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या) शॉपमध्ये कोळ्याऐवजी कूलंटच्या (यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तेलकट वाफेचा थर सापडेल. कॅमेऱ्याची काच पुसणं मेंटेनन्सच्या आठवड्याच्या चेकलिस्टमध्ये टाका, नाही तर ते कुणाचंच काम राहत नाही.

चित्र थरथरत असेल तर कॅमेरा प्रेसच्या बॉडीवर किंवा तिला लागून असलेल्या ब्रॅकेटवर बसवला आहे. तो शेडच्या खांबावर घ्या. लोडिंगच्या शटरसमोर उभा माणूस नुसता काळा आकार दिसत असेल तर मागच्या उन्हाचा दोष आहे. डब्ल्यूडीआर (उजेड आणि अंधार एकाच चित्रात सांभाळणारं सेटिंग) चालू करा, आणि तरीही जमलं नाही तर कॅमेरा बाजूच्या भिंतीवर हलवा. चित्र अधूनमधून पूर्णच जात असेल तर केबलची लांबी मोजा. नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे. पैसे वाचवायला ती व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) पॉवर केबलच्याच ट्रेमधून नेली असेल, तर वेगळी काढा.

अलार्म इतके वाजतात की कुणी बघत नाही

हेल्मेट ओळखणारं सॉफ्टवेअर डोक्याला गुंडाळलेला पंचा किंवा पांढरी टोपी पाहून फसू शकतं. सुपरवायझरच्या फोनवर तासाला वीस सूचना आल्या की तो तिसऱ्या दिवशी आवाज बंद करतो, आणि खरी सूचना त्यातच बुडते.

सुरुवात एकाच धोक्यापासून करा. उदाहरणार्थ, ईओटी (छताखालून धावणाऱ्या) क्रेनवर लोड असताना खाली माणूस. पडद्यावर तेवढ्याच जागेची चौकट आखा, माणूस दोन-तीन सेकंद थांबला तरच अलार्म द्या, आणि महिनाभर प्रत्येक अलार्म खरा की खोटा ते वहीत लिहा. खोटे अलार्म कमी झाल्याशिवाय दुसरा धोका जोडू नका. तुमच्याच शेडमधल्या, तुमच्याच माणसांच्या, तिसऱ्या शिफ्टच्या उजेडातल्या चित्रांवर चाचणी करून मागा. विक्रेत्याच्या लॅपटॉपवरचा डेमो नेहमीच सुंदर असतो.

जे कॅमेऱ्याला दिसत नाही

तारापूर, महाड, लोटे या रासायनिक पट्ट्यांत टाकीच्या तोंडावर कॅमेरा लावून बाहेरचा राखणदार कमी करण्याचा मोह होतो. हायड्रोजन सल्फाइड किंवा नायट्रोजन कॅमेऱ्याला दिसत नाही. आत उतरण्यापूर्वी गॅस मोजणं, परवाना, आणि दोर हातात धरून तोंडाशी उभा असलेला माणूस, यातलं काहीही कॅमेऱ्यामुळे वगळता येत नाही. सॉल्व्हंटच्या (पेट घेणाऱ्या द्रावकाच्या) जागी साधा कॅमेराही चालत नाही, तिथे फ्लेमप्रूफ (आतल्या ठिणगीने बाहेर पेट न घेऊ देणाऱ्या) मान्यतेचाच लागतो.

थर्मल कॅमेऱ्याबद्दलही गैरसमज आहेत. तो काचेपलीकडचं तापमान दाखवत नाही. चकचकीत तांब्याचा बसबार (वीज वाहून नेणारी पट्टी) प्रत्यक्षात तापलेला असूनही त्याला थंड दिसतो. त्यावर, लाइन बंद असताना, काळी इन्सुलेशन टेप चिकटवून मग त्या टेपचं तापमान घ्यावं लागतं. साखर कारखान्यात बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) ढीग आतून तापतो तेव्हा थर्मल कॅमेऱ्याला फक्त वरचा पापुद्रा दिसतो. ढिगात तापमापकाची सळई घालावीच लागते.

अपघात झाला आणि फुटेज नाही

कॅमेरा ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) नोंदवत असेल तर दिवसाला सुमारे ४३ जीबी लागतात. सोळा कॅमेरे म्हणजे रोज जवळपास ६९० जीबी. चार टीबीची डिस्क सहा दिवसांच्या आत भरते आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. कामगार निअर मिस सांगायला दहा दिवसांनी येतो, तोवर ते पुसलेलं असतं. डिस्क या हिशोबाने घ्या आणि घटना कळताच त्या भागाची प्रत वेगळी काढा.

रेकॉर्डरचं घड्याळही तपासा. ते वीस मिनिटं पुढे असेल तर प्रेसची नोंद, हजेरी आणि फुटेज यांचा मेळ बसत नाही आणि तपास तिथेच अडतो. पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडेच नाही ना, हे आजच बघा.

कामगारांना न विचारता जागा ठरवणं

चेंजिंग रूम, स्वच्छतागृह, विश्रांतीची जागा इथे कॅमेरा नको. आवाज नोंदवू नका. काय नोंदवतो, किती दिवस ठेवतो आणि कोण बघतं, हे मराठीत आणि हिंदीत लिहून नोटीस बोर्डावर लावा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून तर याकडे दुर्लक्ष करून चालणारच नाही.

जागा ठरवतानाही लाइनवरच्या माणसाला बोलवा. एका प्रेस शॉपमध्ये आम्ही नकाशा घेऊन, समोरच्या खांबावर खडूने खूण करून मोकळे झालो होतो. तिथले जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, चहा संपवून जवळ आले. म्हणाले, "साहेब, पुढून काय दिसणार? पुढं आम्ही नीटच करतो. कचरा साचला की मागनं हात घालतो. तिकडं लावा."

कॅमेरा मागे लावला. पहिल्याच शिफ्टमध्ये दिसलं, की स्क्रॅपची पट्टी अडकली की हेल्पर मोटर चालू असतानाच मागून हाताने ती ओढतो. त्या बाजूला गार्ड कधी बसवलंच नव्हतं. फॅब्रिकेशनवाल्याने दोन दिवसांत जाळी बसवली आणि स्क्रॅप आपोआप खाली सरकावं म्हणून पत्र्याची उतरती घसरण लावून दिली. जाळीचे बोल्ट आवळताना मामा स्वतः पान्हा घेऊन उभे होते.