जुनं कॅड वापरताय? या चुका टाळा

घराचे प्लॅन, ग्रिल-गेटची ड्रॉइंग, फर्निचरचे ले-आउट अशा टू-डी कामाला ऑटोकॅड २००७ हे ड्रॉइंगचं जुनं सॉफ्टवेअर आजही पुरतं. दरवर्षी सबस्क्रिप्शन भरायची गरज नाही. डोकेदुखी सुरू होते ती बाहेरून फाइल आली की.

‘ड्रॉइंग फाइल इज नॉट व्हॅलिड’ असं आलं की बरेच जण रिकव्हर कमांड चालवत बसतात. फाइल बिघडलेली नसतेच बहुधा, नव्या फॉरमॅटची असते. तिची कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. बाकी सगळी गिचमिड, पण पहिली सहा अक्षरं वाचता येतात. एसी१०२१ म्हणजे २००७चा फॉरमॅट, एसी१०२४ म्हणजे २०१०चा, एसी१०२७ म्हणजे २०१३चा, एसी१०३२ म्हणजे २०१८चा. २००७मध्ये पहिला उघडेल, पुढचे तीन नाही. त्यांच्यासाठी ओडीए फाइल कन्व्हर्टर हा फॉरमॅट बदलून देणारा प्रोग्राम मोफत मिळतो. इनपुट आणि आउटपुटला वेगवेगळे फोल्डर द्या, आउटपुटला २००७ डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाइलचा प्रकार) निवडा, चुका तपासणाऱ्या ऑडिटवर टिक करा.

फाइल उघडली, पण एकाच मापाचे डायमेन्शन दोन-दोन दिसतायत? ॲनोटेटिव्ह स्केल, म्हणजे प्रत्येक स्केलसाठी मजकूर-मापांचा आकार आपोआप बदलणारी सोय, २००८ पासून आलं, २००७ला ते कळत नाही. पाठवणाऱ्याला सेव्हफिडेलिटी हे सेटिंग १ करून २००७मध्ये सेव्ह करायला सांगा. मग प्रत्येक स्केलची प्रत वेगळ्या लेयरवर येते. लेयरच्या नावामागे आकडा असतो. नको ते लेयर फ्रीझ करा, म्हणजे लपवा. एक्स्प्लोड करून त्या प्रती फोडणं मात्र नको, कारण फाइल परत नव्या आवृत्तीत गेली की प्रत्येक प्रत सुटी होऊन बसते.

सिव्हिल थ्रीडी या रस्ते-जमिनीच्या कामाच्या ऑटोडेस्क सॉफ्टवेअरच्या फाइलला नुसतं कन्व्हर्जन पुरत नाही, रेषांऐवजी प्रॉक्सी, म्हणजे नीट एडिट न होणाऱ्या बदली वस्तू येतात. तिथे पाठवणाऱ्यानेच एक्स्पोर्टटूऑटोकॅड ही कमांड चालवायला हवी.

ब्लॉक (दार-खिडकीसारखं तयार चित्र) इन्सर्ट करण्याआधी दोन्ही फाइलींत इनसयुनिट्स हे एककाचं सेटिंग बघा: ४ म्हणजे मिलिमीटर, ६ म्हणजे मीटर. तिथे ०, म्हणजे एककच ठरवलेलं नसेल तर ९०० मिलिमीटरचं दार मीटरच्या प्लॅनमध्ये ९०० मीटरचं होऊ शकतं. तसं झालंच तर ब्लॉकच्या इन्सर्शन पॉइंटवरून ०.००१ने स्केल करा आणि डिस्ट कमांडने रुंदी मोजा.

मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर टेक्स्ट स्टाइलमध्ये एसएचएक्स हा ऑटोकॅडचा फॉन्ट काढून मंगल हा देवनागरी फॉन्ट लावा.

आणि मशिन फॉरमॅट करायची घाई नको. नंतर ऑटोकॅड परत टाकायला ॲक्टिव्हेशन कोड लागतो, आणि २०१० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना ऑटोकॅडची कंपनी ऑटोडेस्क आता तो देत नाही. चालू ड्राइव्हची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, आधी एक्स्टर्नल डिस्कवर घ्या.