प्रादेशिक बुलेटिन कापताना या चुका टाळा

तासाभराचं महानगरी बुलेटिन समोर असतं, प्रादेशिक आवृत्तीला अर्ध्या तासाचा स्लॉट असतो आणि ऑन एअर जायला थोडाच वेळ उरलेला असतो. डेस्कवरचा माणूस मग शेवटापासून कापत वर येतो. खालच्या पाच-सात बातम्या उडवतो, पॅकेजची (रिपोर्टरने तयार करून दिलेल्या बातमीच्या तुकड्याची) शेपटं छाटतो, अँकर लिंक (बातमीआधी अँकर वाचतो ती ओळख) तशाच ठेवतो. वेळ जमते, रनडाऊन (बातम्यांची क्रमवार, वेळ लावलेली यादी) हिरवा होतो. पण जिल्ह्याच्या गावात बसून बघणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांतच कळतं, की हे दुसऱ्या कोणासाठी तरी केलं होतं आणि उरलंसुरलं आपल्या वाट्याला आलंय.

शेवटापासून कापणं हीच मूळ चूक. महानगरी रनडाऊनचा क्रम शहरातल्या प्रेक्षकाच्या गरजेने ठरलेला असतो. प्रेक्षक बदलला की क्रम बदलतो, आणि पॅकेजच्या आतल्या वाक्यांचाही क्रम बदलतो.

एक उदाहरण घेऊ. शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात परिचारिकांचा संप आहे आणि पॅकेज आहे १ मिनिट ५० सेकंदांचं. सुरुवातीला गेटवरच्या घोषणा, मग ओपीडीबाहेरची रांग, एका नातेवाइकाचा बाइट (कॅमेऱ्यासमोर बोललेला तुकडा), मंत्र्यांचा बाइट, साधारण सव्वा मिनिटावर रुग्णालयाच्या अधिकाऱ्याचा बाइट आणि शेवटी रिपोर्टरचा पीटीसी (कॅमेऱ्याकडे बघून बोलणं). अधिकारी सांगतो, की संप मिटेपर्यंत बाहेरून पाठवलेले रुग्ण दाखल करून घेणार नाही. हे पॅकेज ४५ सेकंदांवर आणायचं म्हटलं की पाऊण मिनिटानंतरचं सगळं जातं, म्हणजे अधिकाऱ्याचा बाइट जातो. शहराबाहेरच्या प्रेक्षकासाठी खरी बातमी तेवढीच होती! रात्री पेशंट गाडीत घालून शहराकडे निघायचं की नाही, हे त्या एका वाक्यावर ठरणार होतं. घोषणांची व्हिज्युअल्स चार सेकंद दाखवली असती तरी पुरली असती.

म्हणून कापण्याआधी प्रत्येक पॅकेज शेवटपर्यंत बघा आणि एकच शोधा: शहराबाहेरच्या माणसाला यातलं कोणतं वाक्य लागतं? ते वर घ्या, त्याच्याभोवती व्हीओ (चित्रावरचं निवेदन) नव्याने लिहा आणि तुमच्याकडच्या आवाजात रेकॉर्ड करा. ४० सेकंदांच्या व्हीओला लिहून, वाचून, रेकॉर्ड करायला दहा मिनिटं लागतात. सबंध बुलेटिनला एवढा वेळ नसेल, तर निदान पहिल्या तीन बातम्यांना तो द्याच.

दुसरी चूक बाइट कापतानाची. ती मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण तिथे फक्त बुलेटिन बिघडत नाही, माणूस जे म्हणाला तेच बदलतं. बोलताना आपण अट बऱ्याचदा मागून जोडतो. ‘निधी आम्ही देऊ, फक्त प्रस्ताव महिनाअखेर आला पाहिजे.’ सेकंद वाचवायला ‘देऊ’वर कट मारला की अटीचं आश्वासन बिनशर्त होतं. उद्या ते गाव निधी मागायला गेलं की खोटं कोण ठरणार? कट मारण्याआधी पुढचं वाक्य ऐकायचंच, ही सवय अंगात भिनली पाहिजे. अट ठेवायला जागा नसेल तर अख्खा बाइट काढा आणि मुद्दा अटीसकट अँकरच्या तोंडी द्या.

आता लिंकबद्दल. महानगरी लिंकमध्ये ‘आपल्याकडे’, ‘इथे’, ‘आपल्या महापालिकेने’, ‘मगाशी पाहिलं तसं’, ‘ब्रेकनंतर आणखी तपशील’ असे शब्द पेरलेले असतात. मगाशी जे पाहिलं ती बातमी तुम्ही उडवलेली असते आणि ब्रेकनंतर काहीच येणार नसतं. अशी लिंक कापत बसू नका, पुसून नव्याने लिहा. तीन वाक्यांचं तर काम आहे. हेडलाइन्स, टीझ (पुढे येणाऱ्या बातमीची झलक) आणि खालची पट्टी यांनाही तोच नियम. टीझमध्ये राहून गेलेली, पण बुलेटिनमध्ये नसलेली बातमी ही सगळ्यात सहज टाळता येण्यासारखी चूक आहे, आणि तरी ती वारंवार दिसते.

वेळेचे शब्द याहून फसवे. ‘आज संध्याकाळी सात वाजता सभा’ असं सहाच्या बुलेटिनमध्ये बरोबर असतं. तेच पॅकेज रात्रीच्या प्रादेशिक आवृत्तीत गेलं की सभा होऊन गेलेली असते. देशात एकापेक्षा जास्त प्रमाणवेळा असतील तर घोळ वाढतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स ऑक्टोबर ते एप्रिल घड्याळ एक तास पुढे नेतं, शेजारचं क्वीन्सलँड नेत नाही. ब्रोकन हिल हे गाव न्यू साउथ वेल्समध्येच आहे, पण तिथली घड्याळं साउथ ऑस्ट्रेलियाच्या वेळेवर चालतात. सिडनीत लिहिलेली वेळ तिथे तशीच वाचली तर सरळ चुकीची माहिती जाते. ‘लाइव्ह’ची पट्टी आणि पडद्यावरचं घड्याळही याच गटातलं. रेकॉर्ड केलेल्या तुकड्यावर ती राहिली की प्रेक्षकाला आपण उघड खोटं सांगतो.

यावर उपाय कापताना सापडत नाही, तो आधीच करून ठेवावा लागतो. महानगरी आउटपुटकडून क्लीन फीड मागून घ्या, म्हणजे लोअर थर्ड (पडद्याच्या खालच्या भागातली नावं-पदं), पट्टी, घड्याळ काहीही न चिकटलेलं चित्र. आणि ऑडिओ वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या: व्हीओ एका ट्रॅकवर, नॅट साउंड (घटनास्थळाचा मूळ आवाज) दुसऱ्यावर. सगळं एकत्र मिक्स होऊन आलं की तुमचे हात बांधले जातात. खाली संगीत वाजत असेल तर प्रत्येक कट कानाला ठेचकाळतो. तरीही तसंच काम करायची वेळ आली, तर कट श्वासावर मारा, आवाज खाली उतरतो तिथे, आणि जोडावर चार-पाच फ्रेमचा ऑडिओ डिझॉल्व्ह (एक आवाज विरत दुसरा चढणं) द्या. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची होते. पाच फ्रेम म्हणजे २०० मिलिसेकंद, तेवढ्यात खटका झाकला जातो आणि शब्दही खाल्ला जात नाही.

स्थानिक बातमीनंतर महानगरी पॅकेज लागलं की आवाज एकदम चढतो, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. कारण साधं आहे, दोन्हींचा लाउडनेस (कानाला जाणवणारा आवाजाचा जोर) वेगवेगळा मोजलेला असतो. युरोपातल्या आर-१२८ शिफारशीत उणे २३ एलयूएफएस ही पातळी आहे, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत उणे २४ एलकेएफएस (एककांची नावं वेगळी, माप एकच). तुमच्या चॅनलची जी असेल तिच्यावर दोन्हीकडचं साहित्य आणा, आणि पीसीआरमधल्या (प्रसारणाच्या कंट्रोल रूममधल्या) ऑडिओवाल्याच्या हातावर विसंबू नका.

गावांचे उच्चार हा छोटा मुद्दा, पण प्रेक्षकाच्या मनाला लागणारा. क्वीन्सलँडमधलं मकाय हे शहर कोणी ‘मॅके’ म्हटलं, की तिथल्या माणसाला अँकर परका वाटतो. उच्चारांची यादी अँकर वाचतो त्या प्रॉम्प्टरच्या कॉपीतच घाला. बुलेटिन शेकडो किलोमीटर दूरच्या स्टुडिओतून वाचलं जात असेल तर याला पर्याय नाही.

तांत्रिक बिघाडांत सगळ्यात महागात पडणारा बिघाड रनडाऊनमध्येच दडलेला असतो. महानगरी बातमी प्रादेशिक रनडाऊनमध्ये कॉपी केली की तिचं मूळ कॉपीशी असलेलं नातं बहुतेक वेळा तुटतं. पुढे शहरातल्या डेस्कने आकडा दुरुस्त केला, नाव काढलं, कायदा विभागाने बातमी थांबवली, तरी तुमच्याकडे जुनंच राहतं आणि रात्री ते प्रसारित होतं. म्हणून स्लगमध्ये (बातमीच्या छोट्या नावात) आवृत्ती आणि कॉपी घेतल्याची वेळ लिहा, दुरुस्ती आणि ‘किल’चे (बातमी रद्द करण्याचे) निरोप कोणाच्या फोनवर येणार ते एक नाव ठरवा, आणि ऑन एअर जाण्याआधी त्या माणसाने महानगरी डेस्कला स्वतः फोन करायचा. ग्रुपवर मेसेज टाकून हे काम होत नाही.

न्यायालयाच्या बातम्यांना वेगळा डोळा हवा. जिथे ज्युरी असते तिथे खटला ज्या भागात चालतो त्याच भागातून ज्युरीची माणसं निवडली जातात. शहरात निरुपद्रवी ठरणारा आरोपीच्या पूर्वेतिहासाचा उल्लेख त्या भागाच्या आवृत्तीत खटला बिघडवू शकतो. ओळखीचंही तसंच. पीडितेचं नाव लपवलं, पण गाव, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय ठेवला, तर लाखोंच्या शहरात ती मुलगी ओळखू येणार नाही, पाच हजारांच्या गावात मात्र सगळे ओळखतील. हा तपशील महानगरी डेस्कला खटकणार नाही, तो तुम्हालाच काढावा लागेल.

स्थानिक मजकुराच्या सक्तीमुळेही एक चूक होते. ऑस्ट्रेलियात प्रादेशिक व्यावसायिक वाहिन्यांसाठी गुणपद्धत आली, म्हणजे स्थानिक मजकूर दाखवून वाहिनीने ठरावीक गुण मिळवायचे. सहा आठवड्यांत ७२० गुण आणि कोणत्याही आठवड्यात किमान ९० ही तिची मूळ चौकट, आणि थेट स्थानिक भागाशी संबंधित बातमीला मिनिटाला २ गुण. नियम चांगल्या हेतूने केला, कारण त्याशिवाय महानगरी बुलेटिन जसंच्या तसं पुढे ढकललं जाण्याची भीती होती. पण गुण मिनिटांवर मोजले जात असल्याने डेस्क मिनिटांचाच पाठलाग करू लागण्याचा धोका राहतो. पत्रकावरून लिहिलेल्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या बातम्या ओळीने लावल्या की मिनिटं भरतात, पण त्या भागात आज काय घडलं ते कळत नाही. दोन मिनिटं एकाच बातमीला द्या, रिपोर्टर किंवा स्ट्रिंगर (बातमीपुरता नेमलेला स्थानिक बातमीदार) तिथे पोहोचू द्या.

बॅक टायमिंगच्या (शेवटापासून उलटी वेळ मोजून बुलेटिन बसवण्याच्या) वेळी हवामानाला हात लावू नका. बुलेटिन २० सेकंद लांबलं की पहिली कात्री तिथेच चालते, आणि शेतकऱ्याला, मच्छीमाराला, घाटातून जाणाऱ्या ड्रायव्हरला त्या दीड मिनिटाचीच गरज असते. शहराचं तापमान काढा, त्या भागाचा इशारा ठेवा. कापायला सोपी अशी २०-३० सेकंदांची एक बातमी आधीच खुणावून ठेवा, म्हणजे घाईत चुकीची बातमी जात नाही.

शेवटची तपासणी महानगरी बुलेटिन न पाहिलेल्या माणसाकडून करून घ्या. ज्याने कापलं त्याला मूळ बुलेटिन पाठ असतं, गळालेला संदर्भ त्याचं डोकं आपोआप भरून काढतं. नव्या माणसाने फक्त विचारायचं: हा कोण? हे कुठलं? कधीचं? जिथे प्रश्न पडेल तिथे दुरुस्ती. हातात दहाच मिनिटं असतील तर आधी नावं आणि न्यायालयाच्या बातम्या बघा, मग अटीचे बाइट, मग वेळेचे शब्द आणि लाइव्हची पट्टी. वेळ उरला तर आवाजाचे जोड.