स्मार्टवॉचची बॅटरी टिकत नाही? नवे घड्याळ घेण्याआधी हे करून बघा

स्मार्टवॉच घेताना पडदा केवढा, कॉल लागतो का, पट्टे किती रंगांत मिळतात, हे सगळे विचारले जाते. बॅटरी बदलता येते का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतो. दोन-तीन वर्षांनी घड्याळ कपाटात पडते ते बहुतेकदा त्याच कारणाने. बाकी सगळे ठणठणीत असते. साताऱ्यात २०१२पासून हिल हाफ मॅरेथॉन होते आणि यवतेश्वरच्या घाटात सरावाला जाणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनगटावर जीपीएसचे घड्याळ दिसते. पुढचे सगळे त्यांच्या महागड्या घड्याळांना लागू आहे, तसेच कॉलेजच्या पोरांच्या दीड-दोन हजारांच्या घड्याळांनाही.

पायरी १ : दोष बॅटरीचाच आहे ना?

घड्याळ काढा आणि उलटे करून उजेडात धरा. चुंबकी चार्जर लागणाऱ्या अनेक घड्याळांच्या पाठीवर दोन किंवा चार धातूचे ठिपके असतात. घाम वाळला की त्यांच्यावर मिठाचा थर बसतो, पुढे त्याला हिरवट-काळी झाक येते. चुंबक टकन चिकटतो, चार्जिंगचे चिन्हही दिसते, पण वीज धड आत जात नाही. रात्रभर लावून सकाळी ४० टक्के दिसले की माणूस म्हणतो, बॅटरी बसली. बॅटरी बिचारीचा यात काही संबंध नसतो.

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. तिथे त्याला आयपीए म्हणतात. कानाच्या काडीला ते थोडेसे लावून ठिपके पुसा. थर जुना असेल तर जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच घासा. ब्लेड किंवा सुई लावू नका. ठिपक्यांवरचा मुलामा एकदा खरवडला गेला की गंज लवकर धरतो. मग चार्जरकडे बघा. त्याच्या बारीक पिना स्प्रिंगवर आतबाहेर होतात. बोटाने दाबून बघा, एखादी आतच अडकून राहते. तीही आयपीएने पुसून मोकळी होते, नाहीतर फक्त चार्जर नवा घ्यायचा. आणि एक सवय लावून घ्या: पळून आल्यावर घड्याळ घामेजलेले असताना थेट चार्जरला लावायचे नाही. ओलावा आणि वीज एकत्र आली की धातू गंजायला लागतो.

ठिपके स्वच्छ असतील तर सेटिंगकडे वळा. पडदा कायम चालू ठेवण्याची सोय, दिवसरात्र ऑक्सिजन मोजणे, दर दोन सेकंदांनी हलणारी नक्षी असलेली डायल या तीन गोष्टी बॅटरी खातात. सिमवाले घड्याळ असेल तर रेंज कमी असलेल्या घाटात ते सतत टॉवर शोधत बसते आणि घरी असते त्याच्या कितीतरी आधी मान टाकते. नवे अपडेट आल्यावर एक-दोन दिवस बॅटरी जास्त उतरते. तेवढी वाट बघा, एकदा बंद करून चालू करा.

पायरी २ : रात्रीची परीक्षा

रात्री घड्याळ ८० टक्क्यांवर असताना विमान मोड लावा, पडदा कायम चालू ठेवणारी सोय बंद करा, आकडा लिहून ठेवा आणि झोपा. सकाळी उठल्याबरोबर पुन्हा बघा. एरवी आठवडाभर चालणारे घड्याळ अशा रात्रीत दोन-चार टक्केच उतरले, तर बॅटरी बरी आहे. दिवसा तिला कोण खाते ते शोधा. पंधरा-वीस टक्के गेले तर बॅटरी खरंच थकलीय.

थकल्याची आणखी एक खूण आहे. ३० टक्के दिसत असतात, तुम्ही जीपीएस लावून पळायला सुरुवात करता आणि घड्याळ पटकन बंद पडते. जुन्या बॅटरीचा आतला विरोध वाढलेला असतो, त्यामुळे एकदम जास्त वीज मागितली की तिचा व्होल्टेज कोसळतो. ॲपल वॉचमध्ये सेटिंगमधल्या बॅटरीच्या भागात उरलेली क्षमता टक्क्यांत दिसते. स्वस्त घड्याळांत असे काही दिसत नाही, म्हणून ही रात्रीची परीक्षा.

पायरी ३ : उरलेली बॅटरी जपा

बॅटरीचे वय चार्जिंगच्या चक्रांत मोजतात. एक चक्र म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० आणि उद्या ५० वापरले तरी एकच चक्र. ॲपल सांगते की तिच्या घड्याळाची बॅटरी १,००० पूर्ण चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के धरून राहील अशी बनवलेली असते. साध्या लिथियम-आयन बॅटरीसाठी ३०० ते ५०० चक्रांचा हिशेब धरतात. आता रोज चार्ज करावे लागणारे घड्याळ वर्षाला ३६५च्या आसपास चक्रे खाते; आठवडाभर चालणारे जेमतेम ५२. म्हणजे एका चार्जवर जास्त दिवस चालणारे घड्याळ वर्षेही जास्त काढते. दुकानात ‘सात दिवस बॅटरी’ ऐकताना बहुतेकांच्या हे लक्षात येत नाही.

चक्रे कमी असली तरी उष्णता बॅटरीला म्हातारी करतेच. ॲपल वॉच ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरा असे कंपनी सांगते, आणि सांगली-मिरजेकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा त्यावर सहज जातो. हातावर असताना एवढे बिघडत नाही. बिघडते ते उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर आणि गच्चीवरच्या खोलीत चार्जिंगला लावून ठेवल्यावर. पूर्ण भरलेली बॅटरी आणि ऊन ही सगळ्यात वाईट जोडी. उन्हाळ्यात ८०-९० टक्क्यांवर चार्जर काढलात तरी दिवस निघतो. घड्याळ काही महिने वापरायचे नसेल तर निम्मे चार्ज करून बंद करा. शून्यावर पडून राहिलेले घड्याळ नंतर चार्जरलाही ओळख देत नाही. तसे झाले तर तासन्‌तास लावून बघा, कधी कधी जागे होते.

पायरी ४ : दुकानात काय विचारायचे

वॉरंटी असेल तर स्वतः काही उघडू नका. स्वस्त घड्याळ कंपन्या बहुधा दुरुस्त करतच नाहीत, बदलून देतात. त्यामुळे वॉरंटीचे शेवटचे महिने मोलाचे. बिल सांभाळा, संशय आला की लगेच तक्रार नोंदवा. दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चे संकेतस्थळ सुरू केले, त्यावर सहभागी कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती एकत्र मिळते.

वॉरंटी संपली आणि घड्याळ महागाचे असेल तर अधिकृत सेवा केंद्र. साताऱ्या-सांगलीहून त्यासाठी पुणे किंवा कोल्हापूर गाठावे लागण्याची शक्यता मोठी. जाण्याआधी फोन करून भाग आहे का ते विचारा, आणि देण्याआधी घड्याळ फोनपासून अनपेअर करा. कुलूप लागलेले घड्याळ दुरुस्त न होताच परत येते.

स्वस्त घड्याळासाठी मोबाईलवाला दादा चालतो, पण काम कसे होते ते माहीत असू द्या. पडदा चिकटवलेला असतो. तो गरम पाटावर ठेवून डिंक मऊ करतात, पातळ प्लास्टिकची चकती फटीत सरकवतात आणि पडदा पुस्तकासारखा एका बाजूने उघडतात. इथेच घात होतो. पडद्याची कागदासारखी पट्टी कुठल्या बाजूला आहे हे न बघता उचलले की ती फाटते आणि पडदा गेला. म्हणून सरळ विचारा, ‘दादा, हे मॉडेल आधी उघडलंय का?’ उत्तर ‘होऊन जाईल’ असे आले तर घड्याळ खिशात घाला.

आत बॅटरी म्हणजे चंदेरी पाकिट. त्यावर ४०२०३० असा काहीतरी आकडा असतो. तो भविष्य नव्हे, माप आहे: जाडी ४.० मिलिमीटर, रुंदी २० आणि लांबी ३०. त्याच मापाची, तेवढ्याच व्होल्टेजची आणि तितक्याच तारांची बॅटरी हवी. तीन तारा असतील तर तिसरी बहुधा तापमान कळवणारी असते; दोन तारांची बॅटरी ‘जुगाड’ करून जोडू देऊ नका. जाडी पाव मिलिमीटरने जास्त असली तरी पडदा बंद करताना दाब बॅटरीवर येतो, आणि दाबलेली लिथियम बॅटरी हा खेळ नव्हे.

पडदा बी-७००० सारख्या डिंकाने पुन्हा चिकटवतात. तरी एकदा उघडलेल्या घड्याळाचा पाण्याचा भरवसा संपला, असेच धरा. तसेही घड्याळावर लिहिलेले ‘५ एटीएम’ म्हणजे ५० मीटर पाण्याइतका स्थिर दाब, तोही नव्या घड्याळासाठी. पोहणे आणि गरम पाण्याची आंघोळ विसरा; पाऊस चालेल. एकूण खर्च नव्या घड्याळाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात असेल तर मी तरी करणार नाही.

नवेच घ्यायचे ठरले तर

दोनच गोष्टी बघा. पट्टा २० किंवा २२ मिलिमीटरचा साधा, कुठेही मिळणारा हवा. आणि कंपनी बॅटरी बदलून देते का, किती पैसे घेते, हे लेखी विचारा. घड्याळ उघडता येईल असे बनवणे अशक्य नाही. २०२५मध्ये आलेल्या गूगलच्या पिक्सेल वॉच ४ मध्ये बॅटरी आणि पडदा दोन्ही बदलता येतात, आधीच्या पिक्सेल वॉचमध्ये ती सोय नव्हती.

फुगलेली बॅटरी

पडदा एका कडेने वर आला किंवा फटीतून उजेड दिसू लागला तर वरच्या सगळ्या पायऱ्या सोडा. चार्जर काढा, पडदा दाबून बसवू नका, टोचू नका. घड्याळ फरशीवर, गादी-कागदांपासून दूर ठेवा आणि दुकानात न्या. काढलेल्या बॅटरीच्या तारांना वेगवेगळी चिकटपट्टी लावा आणि ती घंटागाडीत न टाकता दुकानदाराकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या; कचऱ्याच्या दाबाखाली अशी बॅटरी पेट घेते.