झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के: रॅमचा बिघाड शोधावा आणि काढावा कसा

१९८२ साली ब्रिटनमध्ये आलेला हा कॉम्प्युटर चालू केल्यावर पडद्यावर कंपनीचं नाव यायच्या ऐवजी रंगीत चौकोन आणि उभे पट्टे दिसले, की बहुतेक जण लगेच रॅमच्या चिप उपसायला घेतात. ती घाई नको. या बोर्डावर रॅम पुष्कळदा दुसऱ्याच बिघाडाला बळी पडलेली असते. तो तसाच ठेवून नव्या चिप लावल्या, तर त्याही जातात.

बोर्डावर रॅमचे दोन वेगळे गट आहेत. खालची (म्हणजे लहान पत्त्यांची) १६ के म्हणजे ४११६ जातीच्या आठ चिप, आयसी ६ ते १३ (आयसी म्हणजे चिप, क्रमांक बोर्डावर छापलेला). पडद्यावरचं चित्र याच रॅममध्ये असतं. वरची ३२ के म्हणजे आयसी १५ ते २२. दोन्ही गटांत प्रत्येक चिप बाइटचा एकच बिट सांभाळते: आयसी ६ आणि १५ बिट ०, पुढे क्रमाने आयसी १३ आणि २२ बिट ७. हा हिशेब कागदावर लिहून समोर ठेवा, तपासताना सारखा लागतो.

आधी वीज मोजा

अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण आणि बाहेरचं कडं धन. आजचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर याच्या उलटे असतात, म्हणून लावण्यापूर्वी मीटरने खात्री करा.

४११६ ला तीन व्होल्टेज लागतात. मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला, म्हणजे पिन १६ ला लावून मोजा: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५. दहा टक्के इकडेतिकडे चालतं. प्रोब टोकदार घ्या. पिन १ वरून घसरून तो शेजारच्या पिन २ ला टेकला, तर उणे ५ व्होल्ट थेट डेटाच्या पिनवर जातात.

उणे ५ गायब असेल तर लगेच बंद करा. त्याविना १२ व्होल्ट मिळत राहिले की ४११६ तापते आणि मरते. १२ आणि उणे ५ तयार करणाऱ्या सर्किटमधला ट्रान्झिस्टर टीआर ४ (झेडटीएक्स ६५०) हा इथला नेहमीचा दोषी. त्याच्या जागी झेडटीएक्स ६५१ चालतो. सोबतचा टीआर ५ (झेडटीएक्स २१३) आणि कॉइलही तपासा. नवा ट्रान्झिस्टर लावण्याआधी, वीज बंद असताना १२ ची लाइन ते ग्राउंड आणि उणे ५ ची लाइन ते ग्राउंड असा रोध मोजा. शून्याच्या आसपास आला तर एखादी चिप आतून शॉर्ट आहे. ती काढल्याशिवाय नवा टीआर ४ टिकणार नाही.

मग पडदा वाचा

पडद्याच्या कडेची बॉर्डर पांढरी झाली पण आत कचरा दिसतोय, तर प्रोसेसर आणि रॉम (कायमचा प्रोग्राम असलेली चिप) निदान सुरुवात तरी करतायत. आता पडदा बारकाईने बघा. आठ-आठ पिक्सेलवर तीच उभी रेघ दिसते का? प्रत्येक आठाच्या गटात डावीकडचा पहिला पिक्सेल म्हणजे बिट ७, शेवटचा म्हणजे बिट ०. रेघ डावीकडून तिसऱ्या पिक्सेलवर असेल तर बिट ५, म्हणजे आयसी ११. रंगांवरूनही खूण पटते: सगळा पडदा लुकलुकत असेल तर बिट ७ अडकलाय.

मशीन नीट सुरू होत असेल, तर सापडलेल्या रॅमचा शेवटचा पत्ता त्यालाच बेसिकमध्ये विचारा: प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर ४८ के मोजली गेली. ३२७६७ आलं तर वरची रॅम अगदी सुरुवातीलाच नापास झालीय. मधला आकडा आला तर त्याच्या लगेच पुढच्या पत्त्यावर गडबड आहे.

मात्र ६५५३५ वर पूर्ण विसंबू नका. रॉम प्रत्येक जागी २ लिहितो आणि एकेक वजा करत शून्यावर येतो का एवढंच बघतो. एखाद्या जागी बिट २ ते ७ पैकी एक शून्यावरच अडकला असेल, तर तो या चाळणीतून सुटतो. म्हणून क्लिअर ३२७६७ देऊन (म्हणजे बेसिक वरच्या रॅमपासून दूर राहतं) ३२७६८ ते ६५५३५ सगळीकडे २५५ पोक करा, म्हणजे लिहा, आणि सगळं भरून झाल्यावरच वाचा. नंतर ०, ८५ आणि १७० घेऊन तेच करा. २५५ लिहून २४७ परत आलं, तर फरक ८ चा, म्हणजे बिट ३, म्हणजे आयसी १८. सगळेच बिट चुकत असतील तर चिपना हात लावू नका. पत्ते निवडणारे आयसी २३ ते २६ आधी तपासा.

एक फसवी जागा लक्षात ठेवा. वरची रॅम थेट प्रोसेसरच्या डेटा बसवर (डेटा वाहणाऱ्या सामायिक तारांवर) आहे. तिथली एक चिप शॉर्ट झाली की अख्खं मशीन गोठतं आणि संशय उगाच खालच्या रॅमवर जातो. अशा वेळी रॅम न वापरता चालणारा डायग्नोस्टिक रॉम फार उपयोगी पडतो.

चिप बदलताना

संशयित चिपवर तसलीच चांगली चिप पाठीवर बसवून बघता येतं, पण जुनी आतून शॉर्ट असेल तर काही फरक दिसत नाही. हाताला चटका देणारी चिप दोषी धरा. थंड चिप मात्र चांगलीच असते असं नाही.

जुनी चिप अखंड काढायचा हट्ट सोडा. या बोर्डाचे ट्रॅक बारीक आहेत आणि पटकन उखडतात. निपरने सोळाही पाय चिपच्या अंगाजवळ कापा, मग फ्लक्स लावून सुमारे ३५० अंशांवर एकेक पाय चिमट्याने उचला आणि भोकं विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) साफ करा. पाय सहज निघत नसेल तर ओढू नका, थोडं नवं सोल्डर घालून पुन्हा तापवा. मग १६ पिनांचा चांगला आयसी बेस लावा आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना कंटिन्युइटी, म्हणजे जोड अखंड आहे का, तपासा.

वरच्या गटात एकेका जागी ४१६४ जातीची रॅम चिप चालते. अशा रॅममधला डेटा टिकायला तो सारखा ताजा (रिफ्रेश) करावा लागतो. प्रोसेसर झेड८० चा रिफ्रेश काउंटर सातच बिटांचा आहे, म्हणून १२८ चक्रांत रिफ्रेश होणारी घ्या. खालच्या गटात ४१६४ सरळ लावू नका. तिथे पिन ८ वर १२ व्होल्ट असतात आणि ४१६४ ला त्याच पिनवर ५ लागतात, त्यामुळे ती जळते. खालच्या रॅमच्या बेसमध्ये चिप घालण्याआधी, रिकाम्या बेसवर तिन्ही व्होल्टेज पुन्हा एकदा मोजा.