शैलाश्रय आणि नवाश्मयुगीन हत्यारे पाहताना या चुका टाळा

मुंबईकरांची पहिली चूक शब्दापासूनच होते. कान्हेरी आणि महाकाली पाहत मोठे झालेले आपण डोंगरातल्या प्रत्येक पोकळीला लेणे म्हणतो. कान्हेरी भिक्षूंसाठी बेसाल्टाच्या डोंगरात छिन्नीने कोरलेली आहे, तर मध्य प्रदेशातल्या भीमबेटक्याचे शैलाश्रय, म्हणजे खडकातले नैसर्गिक निवारे, वालुकाश्म ऊन, वारा आणि पाण्याने झिजून तयार झाले आहेत. त्यामुळे तिथे कोरीवकाम शोधू नये; भिंतीवरच्या चित्रांइतकेच पायाखालच्या मातीच्या थरांकडे लक्ष हवे.

सापडलेल्या प्रत्येक दगडी हत्याराला नवाश्मयुगीन, म्हणजे शेती आणि पशुपालन सुरू झाले त्या काळातले, ठरवणे ही दुसरी चूक. कमांडर टॉड यांना १९३०च्या दशकात कांदिवली परिसरात मिळालेली पुराश्मयुगीन, म्हणजे शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या माणसांची, हत्यारे नवाश्मयुगाच्या कितीतरी आधीची आहेत. नवाश्मयुगाची खूण म्हणजे घासून धार केलेली कुऱ्हाड, आणि तीही नदीतल्या गोट्यापासून वेगळी ओळखावी लागते. गोटा सगळीकडून सारखाच गुळगुळीत असतो. कुऱ्हाड मात्र बहुधा धारेकडे जास्त तुळतुळीत असते आणि मागच्या टोकाला छिलके काढल्याचे खळगे शिल्लक असतात. दगड उन्हात तिरपा धरून भिंगातून पाहिल्यास धारेजवळ घासल्याच्या बारीक, समांतर रेघा दिसू शकतात. कर्नाटकात बेल्लारीजवळच्या संगनकल्लूला अशा कुऱ्हाडी डोलेराइट या काळसर, कठीण खडकाच्या घडवल्या जात आणि त्या घासताना खडकांवर पडलेल्या लांबट खोबणी आजही पाहता येतात.

सर्वांत मोठी चूक दगड उचलण्याची, आणि ती मी स्वतः केली आहे. कॉलेजात असताना एका टेकडीच्या पायथ्याशी मिळालेला कुऱ्हाडीचा तुकडा मी खिशात घातला आणि मुक्कामी येऊन नळाखाली ब्रशने घासला. धारेला चिकटलेली माती वाहून गेली. तिच्यात वनस्पतींचे सूक्ष्म अवशेष असतील तर तेही गेले. तो नेमका कुठे, कशाशेजारी पडला होता, हे आज मला सांगता येत नाही, आणि त्याची खंत अजून आहे. जागा हरवलेली कुऱ्हाड संशोधकाला फारच थोडे सांगते. म्हणून वस्तू तिथेच राहू द्यावी, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, मोबाइलवर अक्षांश-रेखांश नोंदवावेत आणि त्या राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे.

भिंतीवरची चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांवर पाणी शिंपडू नये; सुकताना क्षारांचा पांढरा थर वर येतो आणि रंग त्याखाली जातो.